गावडेच्या वरताण आणलेलं अळू

आमच्या चारकोपच्या सोसायटीत एका रविवारी दुपारी सगळ्यांचे घसे खाजले, आणि त्याला कारण मी होतो.

मी चौथी शिकलेला, पण जन्मानं मालवणी. भाजीतलं मला कोणी सांगू नये. तरी सांगायचा तो समोरचा गावडे! त्यानं वाडा तालुक्यातल्या मंजुळाबाईला गाठलं आणि दर रविवारी तिच्या शेतातली भाजी टेम्पोनं थेट आमच्या गेटवर आणवली. मध्ये दलाल नाही, काही नाही. सगळ्यांनी तिच्याकडूनच घ्यायचं ठरलं. तीही आम्हाला विचारून वाफे लावू लागली. बायका पिशव्या घेऊन रांगेत, आणि मध्ये गावडे, नवरदेवासारखा उभा!

"बघा गावडेभावजी! रिटायर झाले तरी किती करतात," आमची ही म्हणाली. "तुम्ही काय केलंत?"

"मी पंचवीस वर्षं त्याला सहन केलं!"

पण ते लागलं. शनिवारी कोणाला न सांगता मी वाड्याची एसटी धरली. बाईच्या शेतावर ओढ्याकाठी अळू माजलेलं. पानं हत्तीच्या कानाएवढी! (हत्ती लहान धरा.)

"काका, त्याला हात नका लावू," मंजुळाबाई म्हणाली. "वडीचं अळू काळ्या देठाचं, ते पलीकडं. हे रानातलं, घसा धरतं."

"मालवणच्या माणसाला अळू शिकवतेस?"

ती टोमॅटो तोडायला वळली आणि मी नेमकं ते रानातलंच कापलं. पोतंभर! दुसऱ्या दिवशी टेम्पो आल्यावर गर्दीत माझ्या जुड्या तिच्या टोपलीत सारल्या. लोकांनी वड्यांची वाहवा केली की मग सांगणार होतो, अळू कोणी आणलं ते!

दुपारी दोनला वाहवा सुरू झाली. ए विंगमध्ये खाकरणं, बी विंगमध्ये ठसका, आणि जोशीकाकू गॅलरीत जीभ वाऱ्याला धरून उभ्या! मी स्वतः पाच वड्या खाल्लेल्या. (मानाचा प्रश्न होता.) आणि गावडे? खाज उतरवायला कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन दारोदार! आग मी लावली, आणि बंबवाला म्हणून मिरवला तो!

संध्याकाळी सेक्रेटरीनं गेटवर सगळ्यांदेखत मंजुळाबाईला स्पीकरवर फोन लावला. "बाई, पुढच्या रविवारी टेम्पो नको."

"साहेब, माझं अळू खाजायचं नाय हो! आणि तुमच्यासाठी वांगी लावलीत, ती आता कुणाला देऊ?"

गावडेचं तोंड उतरलं. खरं सांगतो, क्षणभर मला गार वाटलं. पण आमची ही माझ्याकडेच बघत होती. तिनं पोतं पाहिलं होतं.

"तिचं नाय रे! माझं अळू!" मी ओरडलो. घशातून आवाज निघाला तो कोंबड्याचा.

"काय म्हणतायत काका?"

मेलं, कोणाला कळेना! शेवटी गावडेनंच आगळ पाजलं, तेव्हा माझी कबुली बाहेर पडली.

टेम्पो चालू राहिला. मला मात्र सोसायटीनं शिक्षा दिली. अळू आलं की ही आधी एक जुडी शिजवते, मी गेटवर बसून खातो, आणि माझा घसा खाजला नाही तरच बाकीचे घेतात. तोवर सगळी रांग माझ्या गळ्याकडे टक लावून उभी! लोक हसतात. हसू देत! गावडेचा गळा कधी कोणी बघितलाय?