हरलेल्याचा फोन

सोमवारी पहाटे तीनला उठून मी अमेरिकन फुटबॉल बघते, हे जपानमधल्या इचिकावात कोणालाही माहीत नाही. कानात इअरफोन, मांडीवर उशी. इथल्या भिंती पापडासारख्या पातळ, म्हणून ओरडावंसं वाटलं की उशीत तोंड खुपसून ओरडायचं. तिकडे तेव्हा रविवारची दुपार असते. सामना संपला की जाळायच्या कचऱ्याची पिशवी खाली ठेवायची, कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचा एक त्रिकोणी गोळा घ्यायचा आणि स्टेशन गाठायचं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाई दर सोमवारी विचारतात, सुट्टीत काय केलंत? मी दर सोमवारी सांगते, आराम केला. त्यांचं तेवढ्यावर समाधान होतं.

हे वेड मला अमेरिकेत लागलं. कंपनीने मला पुण्याहून उचलून जिथे ठेवलं, ते शहर एका राज्याच्या उत्तर टोकाला, समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी होतं. त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या शहरात, माझा थोरला भाऊ आधीच संसार मांडून बसला होता. मधे चार तासांचा रस्ता आणि न संपणारी मक्याची शेतं. दोन्ही शहरांचे आपापले व्यावसायिक संघ. ऑफिसात फुटबॉलशिवाय कोणी दुसरं काही बोलायचंच नाही, म्हणून मी तो खेळ शिकले. पायाने क्वचितच खेळायचा तो फुटबॉल. माझा संघ अर्थातच तळ्याचा. हे कळल्यावर दादाने दुसऱ्याच आठवड्यात नदीच्या संघाचा शर्ट विकत घेतला.

हे दोन संघ वर्षातून दोनदा एकमेकांशी भिडायचे, एकदा आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. ज्याच्या गावात सामना, त्याच्या घरी दुसऱ्याने यायचं. स्टेडियमची तिकिटं कोणाला परवडतात. आम्ही आपले टीव्हीसमोर, खिचडीचं ताट घेऊन. एकदा सामना भाऊबीजेच्या आसपास आला. दादा त्या नारिंगी-काळ्या पट्ट्यांच्या शर्टातच पाटावर बसला. मी म्हटलं, "आधी शर्ट बदल, मग ओवाळते." तो हलेना. शेवटी वहिनी ओरडली, "अगं, निरांजन विझतंय!" तेव्हा कुठे मी त्या शत्रुपक्षाला ओवाळलं, आणि तासाभराने तो जिंकला. मी वैतागून आतल्या खोलीत जाऊन बसले. पुढच्या वेळी हरले तेव्हा तर मी त्याचा फोनच उचलला नाही. मग त्याने नियम केला: जिंकलेल्याने फोन करायचा नाही, तो माज वाटतो. हरलेल्याने करायचा. जिंकलेल्याने निमूट ऐकून घ्यायचं.

या वैराची मूळ कथाही मला दादानेच सांगितली. तळ्याचा संघ ज्या प्रशिक्षकाने उभा केला, त्याचंच नाव संघाला होतं. पुढे नवा मालक आला आणि त्याने त्या माणसालाच काढून टाकलं. तो काही वर्षं घरी बसला, मग राज्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे नवा संघ काढला. रंगही मुद्दाम तोच नारिंगी घेतला. "म्हणजे आपल्याकडची भाऊबंदकीच की रे," मी म्हटलं. दादा म्हणाला, "आणि घराबाहेर काढलेले आम्ही. त्यामुळे सहानुभूती आम्हाला."

पुढची कथा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितली. एका वर्षी तळ्याच्या संघाच्या मालकाने सगळे खेळाडू उचलून दुसऱ्या राज्यात नेले. शहर भांडलं, तेव्हा संघाचं नाव, रंग आणि जुने विक्रम तेवढे मागे राहिले. काही मोसम शहराकडे नाव होतं आणि संघ नव्हता. पुढे त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. मधल्या काळात तुम्ही काय करायचात, मी विचारलं. तो म्हणाला, रविवारी दुपारी गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसायचो, रेडिओ न लावता. मला तेव्हा हसू आलं होतं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "त्या वर्षांत आमचीही पंचाईतच झाली असणार. शिव्या घालायच्या कोणाला?"

मग जपानचं काम आलं आणि मी इथे आले. पहिल्या मोसमात नदीचा संघ हरला आणि पहाटे सहाला दादाचा फोन आला. "हरलो बाई एकदाचे. हस आता." मी उशीत तोंड खुपसून हसले. नंतर आम्ही हरलो आणि मी फोन केला. अर्धा तास बोललो, त्यात सामना पाच मिनिटं. बाकी त्याच्या मुलांचे दात, वहिनीची नवी नोकरी, आईच्या हातच्या आमटीत नक्की काय असायचं यावरून वाद. आई-बाबा दोघंही गेलेले. पुण्याचा फ्लॅट विकलेला. इथे मी सगळ्यांची अमुक-सान. मला "ए वेडे" म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि वर्षातून या दोन सोमवारी ते मला मिळायचं.

एरवी फोन का केला नाही, असं कोणी विचारेल. केला होता. बिनकामाचा फोन गेला की दादा घाबरतो. "काय झालं? सगळं ठीक ना?" सगळं ठीक आहे म्हटलं की सुटल्यासारखा म्हणतो, "बरं बरं, मग मी जरा निघतो." फॅमिली ग्रुपवर तो गुलाबाची फुलं आणि सुप्रभात पाठवतो. त्या गुलाबांशी मी काय बोलू?

पुढच्या मोसमात आम्ही जिंकलो. मी फोन समोर ठेवून बसले. आला नाही. रुसला असेल, वाटलं. दुसरा सामनाही आम्ही जिंकलो. तेव्हाही आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मला रागच आला. हा हरतो आणि नियमही मोडतो! जिंकलेली मी, मी कशी फोन करणार? आणि आमचा संघ पाहा. इतकी वर्षं ज्याने मला हमखास रडवलं, त्याला नेमकं आत्ताच अंगात यायचं होतं. शेवटी मी, तळ्याच्या संघाची जन्मठेप भोगणारी चाहती, इचिकावाच्या त्या दीड खोलीत बसून पुटपुटायला लागले, "हरा रे मेल्यांनो, एकदा तरी हरा."

गेल्या हिवाळ्यात ते हरले. अगदी शेवटच्या किकवर, हातातला सामना घालवून. मी उशी फेकून दिली आणि आनंदाने फोन लावला.

"काय झालं?" दादा म्हणाला. "सगळं ठीक ना?"

"हरलो आम्ही."

"कोण आम्ही?"

"अरे, मॅच! आत्ता संपली. तुम्ही जिंकलात."

तो हसला. "हां, ते होय! अगं, मी ते कधीच सोडलं."

"कधी?"

"तू गेलीस तेव्हाच जवळजवळ. पहिल्या वर्षी स्कोअर बघून फोन केला होता तुला. मग राहूनच गेलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, वेडे. तू बघायचीस म्हणून बघायचो. तू एकटी होतीस ना तिकडे, कोणीतरी भांडायला नको का?"

इतकी वर्षं मी ज्याच्या रुसण्यावर रुसले होते, तो रुसलाच नव्हता. त्याला सामना झाल्याचाही पत्ता नव्हता. मला रडू फुटलं, आणि पातळ भिंतींची पर्वा न करता मी रडले.

"ए, रडतेस काय? हरलात म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

"अगं, खेळ आहे तो. पुढच्या वेळी जिंकाल."

आता तो "बरं बरं, निघतो" म्हणेल याची मला धास्ती वाटली. म्हणून मी सुरुवात केली. पहिल्या क्वार्टरमध्ये चेंडू कसा सुटला, दुसऱ्यात आम्ही कसे पुढे गेलो, पंचाने कुठे घाण केली. थांबलेच नाही. तो मधूनमधून "हं" म्हणत होता. मागे नळ वाहत होता, भांडी लावल्याचा आवाज येत होता. मी शेवटच्या किकपाशी आले तेव्हा नळ बंद झाला आणि "हं" येईनासं झालं.

"दादा? गेलास का?"

"नाही," तो म्हणाला. "बसलो जरा. बोल तू."