कोमटसाहेबांचं ताट

अन्नतपासणी खात्यात एकवीस माणसं होती. वीस जणांना नावानं हाक मारत आणि एकविसाव्याला कोमटसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. पण साहेबांचे कान तिखट होते, आणि त्यांना रागही नव्हता. नावात खोटं काय होतं? कुठल्याही हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरले की त्यांचं एकच पालुपद: "अन्न एकतर कढत हवं, नाहीतर गारढोण. कोमट म्हणजे संकट." मग शर्टाच्या खिशातून पेनाएवढी तापमापी निघायची आणि थेट पातेल्यात जायची.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी भाताचं एक पातेलं सोडून दिलं होतं. हॉटेलवाला रडला, यांना दया आली. त्या भातानं चौतीस माणसं आजारी पडली आणि एक शाळकरी मुलगी दवाखान्यातून परत आलीच नाही. तेव्हापासून साहेबांनी दयेला कुलूप घातलं आणि किल्ली कुठं ठेवली ते स्वतःलाही सांगितलं नाही.

अशा माणसाला जेवायला कोण बोलावणार? बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. ओळखीच्या हॉटेलात पाऊल टाकलं की मालक तेच टेबल तीनदा पुसायचा, वाढणारा वाटी ठेवून दोन पावलं मागं सरायचा आणि साहेब पहिला घास कसा गिळतात ते अख्खं हॉटेल श्वास रोखून बघायचं. असलं जेवण अंगी लागत नाही.

म्हणून त्यांनी आपल्या हद्दीबाहेरची एक खानावळ हेरली. सात टेबलं, एक खिडकी, आणि चालवणारी एकटी बाई, साधारण त्यांच्याच वयाची. बिल्ला पिशवीच्या तळाशी दडवून ते पहिल्यांदा गेले तेव्हा चार वाजले होते आणि दुपारचं जेवण दोनलाच आटोपलेलं.

"या भाऊ," ती म्हणाली. "बघते काही उरलंय का."

उरलं होतं. दुसऱ्या दिवशीही उरलं. तिसऱ्या दिवशीही. साहेबांची फेरी चारच्या आधी संपायची नाही, आणि रोज चारला ती आतून ताट आणून समोर ठेवायची. मग समोरच्याच खुर्चीवर बसून संध्याकाळच्या शेंगा सोलायची आणि बोलायची. मुलगा लांब असतो, फोन करतो पण घाईत करतो. गुडघा दुखतो. वरच्या मजल्यावरची म्हातारी उगाच भांडते. साहेब 'हं' म्हणायचे. उरलेले साडेतेवीस तास कुणी त्यांच्याशी असं बोलत नसे. त्या अर्ध्या तासावर हा माणूस तीन वर्षं जगला, उगाच आडपडदा कशाला ठेवा?

आणि जेवण? जेवण कोमट असायचं. साहेबांच्या जिभेला ते पहिल्याच घासाला कळलं होतं. पण तीन वर्षांत त्या खानावळीत त्यांची तापमापी एकदाही खिशाबाहेर आली नाही. विचारलं की उत्तर मिळतं, म्हणून त्यांनी विचारलंच नाही.

मग खात्यानं हद्दी बदलल्या आणि ती खानावळ साहेबांच्या यादीत आली. ते चक्क खूश झाले. खानावळीच्या ताईंची स्वच्छता त्यांनी पाहिली होती. आपल्या हातानं 'अ' श्रेणीचा कागद त्यांच्या दाराला चिकटवायचा, या विचारानं त्यांनी ठेवणीतला शर्ट इस्त्री केला. गिऱ्हाइकांच्या गर्दीत जाऊन ताईंची पंचाईत नको, म्हणून मुद्दाम तीनला गेले.

"आज लवकर, भाऊ?" म्हणता म्हणता तिची नजर बिल्ल्यावर गेली आणि ती खो खो हसली. "अगंबाई! ते तपासणीवाले तुम्हीच होय? तीन वर्षं वाघाला जेवायला घालत होते की मी!"

तपासणी झकास चालली. पाण्याची टाकी, चाकू, कच्च्याची फळी वेगळी, शिजलेल्याची वेगळी. फ्रिज चार अंशांवर. साहेब पैकीच्या पैकी गुण देत सुटले. शेवटी शेगडीच्या वरची फळी राहिली. तिच्यावर एक झाकलेलं ताट होतं. भात, भाजी, वाटीभर रस्सा.

हात सवयीनं खिशाकडे गेला. तापमापीनं अडतीस दाखवलं. साठ हवे होते.

"हे कधी काढलं?"

"दीडला. गर्दीत संपून जातं ना, म्हणून आधीच काढून ठेवते."

"कुणासाठी?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "कुणासाठी म्हणजे काय, भाऊ? तुमचंच ते. रोजचंच आहे."

साहेबांचं पेन थांबलं. इतके दिवस आपण उरलंसुरलं खातो असं ते समजत होते. कुणीतरी रोज गर्दीत आपली आठवण ठेवून आधी आपलं ताट वाढतं, हे त्यांना आत्ता, तपासणीचा कागद हातात असताना कळलं.

"ते काही विकायचं नाही हो," ती म्हणाली. "घरच्या माणसाचं आहे."

कागदावर घरच्या माणसाचा रकाना नव्हता. साहेबांना ती शाळकरी मुलगी आठवली. त्यांनी बारा गुण कापले. अठ्ठ्याऐंशी, म्हणजे 'ब'. सदोष अन्न समक्ष नष्ट करायचं, हाही नियम. पोटात कावळे ओरडत असताना त्यांनी ते ताट स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. तिनं रिकामं ताट त्यांच्या हातातून घेऊन धुवायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चारला साहेब रस्त्यापलीकडे उभे राहिले. दाराच्या काचेवर 'ब' होता, खाली त्यांची सही. दोन बायका थांबल्या, कागद वाचला आणि पुढं निघून गेल्या. साहेबांना आत जायचं धाडस झालं नाही. घरी जाऊन त्यांनी दुधात पाव बुडवून खाल्ला. पुढचा महिनाभर तेच.

महिन्यानं फेरतपासणी आली.

"या साहेब," ती म्हणाली. "बसा."

हाकेतला 'भाऊ' गेला होता. साहेब बसले नाहीत. टाकी, चाकू, फळ्या, फ्रिज, सगळं चोख. शेगडीच्या वरची फळी लखलखीत पुसलेली आणि मोकळी. साहेब तिच्यासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले.

"इथं आता काही ठेवत नाही?"

"नाही साहेब. दोन वाजले की सगळं संपवते. मागं कुणासाठी काही ठेवत नाही. तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर साहेबांना काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी शंभरपैकी शंभर गुण दिले, 'अ'चा कागद काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: कोमट काहीही आढळले नाही.