वैशालीने केलेला दात

उद्या सकाळी डॉक्टर माझ्या तोंडातली वैशाली कापून काढणार आहेत.

घाबरू नका. वैशाली म्हणजे माझी बायको. आज तिला जाऊन वर्ष झालं. आणि तोंडात आहे तो तिने बनवलेला माझा पुढचा दात.

ती गंगापूर रोडला एका डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन होती. दातांवर बसवायच्या सिरॅमिकच्या कॅप बनवायची, मायक्रोवेव्हच्या भट्टीत भाजून.

माझी आई सायखेड्याहून आली की किचनमधल्या मायक्रोवेव्हकडे संशयाने बघायची.
"ह्याच्यातच दात भाजते का गं तू? मंग मला नाय पाहिजे त्यातले पोहे."
"नाही हो आई, लॅबमधला वेगळा. त्यात पोह्यांचा कोळसा होईल."

मी स्कूटरवरून पडलो आणि दात अर्धा तुटला. रूट कॅनॉल झालं, कॅपची ऑर्डर नेमकी हिच्या लॅबमध्ये गेली. हिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

भाजण्याआधी मला बोलावून कॅप दाखवली. खडूसारखी ठिसूळ, आणि चांगलीच मोठी.
"घोड्याची आहे का?"
"भट्टीतून निघाली की आकसते. तुम्ही नाही का लग्नानंतर आकसलात!"

मला पांढराशुभ्र दात हवा होता. तिने चक्क पिवळसर केला.
"बाकीचे चहाने रंगलेत. हा एकटाच चमकला तर लोक तुमच्याशी नाही, दाताशी बोलतील."

मग ती त्या मायक्रोवेव्ह भट्टीसमोर बसून राहिली. म्हणाली, "साध्या भट्टीत बाहेरूनच आच लागते, वेळ जातो. यात दात आतूनही तापतो, म्हणून पटकन होतो." बोलताना डोळे भट्टीवरच. तिला असं काम करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. खरं सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्या दुपारी मी पुन्हा तिच्या प्रेमात पडलो.

मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं. ॲडमिट केली, ती घरी आलीच नाही.

साड्या तिच्या बहिणींनी नेल्या. मोबाइल मुलीने ठेवला.
माझ्याकडे हा दात राहिला. येता-जाता जीभ त्याच्याकडे जाते.

आता आतलं मूळ चिरलंय, पू झालाय.
"कॅप अख्खी निघेल का?" मी डॉक्टरांना विचारलं.
"नाही हो. फार घट्ट बसलीय. कापावीच लागेल, तुकडे होतील."
वर्षश्राद्ध होऊ द्या म्हणालो. गोळ्या घेऊन आजपर्यंत ढकललं.

ठणका आहे. तरी आज घरी जो आला त्याच्याशी मी हसून बोललो. पानं वाढताना हसलो. तिच्या फोटोला हार घालतानाही हसलो.

निघताना एक काका काकूंना हळूच म्हणाले, "चला, सावरला बुवा."

कसला सावरतोय.
तिचा दात आज सगळ्यांना दिसावा, एवढंच होतं माझ्या मनात.

वैशाली, फार आठवण येते गं.
जिथे असशील तिथे सुखात राहा.