सतरा नंबरचा बिल्ला

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी, नेऱ्यातल्या माझ्या सासूबाईंच्या पिठाच्या गिरणीवर सतरा नंबर दोन बायकांना मिळाला. नंबर देणारा प्रोग्रॅम माझ्या मेहुण्याने लिहिला होता. न सांगता झालेल्या नकलेचा इतका तिटकारा असलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नाही.

तो हिंजवडीत प्रोग्रॅमर आहे. प्रोग्रॅममध्ये कोणती गोष्ट आपोआप कॉपी होऊ द्यायची आणि कोणत्या गोष्टीसाठी ‘क्लोन’ असं स्पष्ट लिहायला लावायचं, यावर तो हातातली भाकरी गार होईपर्यंत बोलतो. घरातही तोच कायदा. फोन नंबर तो कुणालाही देतो, पण घराची दुसरी किल्ली करायची तर सगळ्यांसमोर सांगून. त्याच्या लग्नाचे फोटो मी परस्पर माझ्या फोनमध्ये घेतले, तेव्हा त्याने ते पुसायला लावले आणि मी मागितल्यावर लगेच सगळे पाठवले. “दाजी, लहान गोष्ट असेल तर आपोआप होऊ दे. मोठी असेल तर तोंड उघडायचं.”

“सतरा माजा हाय!” त्या मंगळवारी एक बाई म्हणाली.

“मग माजा काय, साडेसतरा?” दुसरीने विचारलं.

सासूबाईंनी नंबर देणारा टॅब बंद केला आणि खिळ्यावरचे आकडे कोरलेले जुने पत्र्याचे बिल्ले काढले. “तुजं यंत्र घिऊन जा बाबा,” त्यांनी मुलाला सांगितलं. त्याच्या आईला डोळ्यांनी दिसेल असा त्याचा तो एकच प्रोग्रॅम होता.

तो गव्हाच्या पोत्यावर लॅपटॉप घेऊन बसला. नंबर देणारा भाग एकच असायला हवा होता. पण तो गिरणीतल्या टॅबला आणि घरून नंबर लावणाऱ्यांच्या फोनला देताना त्याची आपोआप नक्कल झाली होती. दोन्ही नकला सोळावर उभ्या होत्या. दोन्ही नकलांनी पुढचा सतरा दिला. अशी आपोआप नक्कल होण्याची परवानगी त्यानेच लिहून ठेवली होती.

“आठच बाइटचं होतं गं आई. एवढंसं.”

“ह्यो बी एवढासाच हाय,” सासूबाईंनी बिल्ला दाखवला. “पर दिला की माज्याकडं ऱ्हात न्हाई.”

 मग त्याने परवानगीचा तो एक शब्द खोडला. नक्कल कुठे होत होती ती ओळ लॅपटॉपने लगेच चूक म्हणून दाखवली आणि त्याने ती दुरुस्त केली.

शनिवारी टॅब परत लागला. नंबर आता पडद्यावर येतो आणि त्याच नंबरचा बिल्ला दळणाच्या डब्यावर बसतो. सतरा नंबरचा बिल्ला मेहुण्याच्या ऑफिसातल्या टेबलावर आहे. त्याने तो आईकडून मागून नेला. दुसरा सतरा करून घ्या, असं मी सुचवलं. सासूबाई नको म्हणाल्या. सतरावा डबा आला की त्या त्यावर खडूने आकडा लिहितात.