परातीनं मोजलेला हात

दोन्या सेनाइदा मला पहिल्यांदा दिसली ती एका नवरा-बायकोला रांगेतून हुसकताना. रविवारचा बाजार होता. बदली होऊन मी नुकतीच या गावच्या शाळेत आले होते आणि उन्हातून येऊन कोकोचं गार तेहाते प्यायला तिच्यापुढं उभी होते. माझ्या पुढचं जोडपं कशावरून तरी हमरीतुमरीवर आलं. सेनाइदाचे दोन्ही हात मातीच्या भल्या मोठ्या परातीत, कोपरापर्यंत पिठात होते. मान वर न करताच ती म्हणाली, "भांडायचं असेल तर चर्चच्या मागं जा. इथं पाण्याला ऐकू जातं."

"अहो दोन्या, आम्ही गिऱ्हाईक आहोत!" नवरा म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला इथं मानानं दोन्या म्हणतात.

"मग गिऱ्हाइकासारखा हस जरा."

तो काही हसला नाही, बायको मात्र खुदकन हसली. सेनाइदानं तिला वाटी भरून दिली आणि त्याला तसाच ताटकळत ठेवला.

आमच्याकडं तेहाते बायकाच करतात. राखेच्या पाण्यात उकडलेला मका, भाजलेला कोको, मामे फळाची बी आणि इथल्याच झाडाचं एक वासाचं फूल, हे सगळं पाट्यावर वाटायचं, परातीत तासभर मळायचं, आणि मग उंचावरून थंड पाण्याची धार सोडायची. वर पांढरा दाट फेस चढतो. त्याला आम्ही 'फूल' म्हणतो. फूल आलं नाही तर उरतं ते नुसतं गढूळ पाणी. म्हणून या फुलाचे नियम सगळ्या सांभाळतात. रागावलेल्या बाईनं पिठाला शिवायचं नाही. आणि एक परात एकाच बाईनं शेवटपर्यंत मळायची. दुसरा हात लागला की फूल येत नाही. मी शाळेत शास्त्र शिकवायची, पण घरी तेहाते करायला बसले की माझ्या बहिणीला परातीपासून लांब ठेवायची.

सेनाइदाचा नवरा तरुणपणीच गेला. पदरात एक मुलगी, एलोदिया. त्या परातीवरच तिनं मुलीला वाढवलं. तिच्या हाताला फूल आहे, असं सगळं गाव म्हणायचं, आणि ते ऐकलं की ती शालीआड हसायची. गर्व म्हणावा तर तेवढाच. एलोदियाही शिकली, पण तिचं फूल पातळ यायचं. "झाकून ठेव गं बये," आई म्हणायची, "वारा सुटला तर तुझं फूल शेजारच्या गावात जाईल." एलोदिया फणकारायची, "जाऊ दे, तिथं तरी कुणी नावं ठेवणार नाही!"

पुढं सेनाइदाचे सांधे धरले. सकाळी बोटं उघडायला वेळ लागायचा. गावात कुणाला कळू नये म्हणून ती हात शालीत लपवायची. मला कळलं, कारण एकदा तिला शालीची गाठ मारता येईना आणि ती मारायला तिनं मला सांगितलं. "बाई, बोलू नका कुठं," एवढंच म्हणाली.

गावच्या संताच्या उत्सवात जेवणावळीचं तेहाते तिच्याकडंच असायचं. त्या वर्षी मीही तिच्या अंगणात भोपळ्याच्या वाट्या पुसायला गेले होते. मळणं अर्ध्यावर आलं आणि तिची बोटं आखडली. तिनं दात आवळून दोन-तीनदा दाबून पाहिलं. मग उठली. "चुलीवरच्या गरम पाण्यात हात बुडवून आलेच. कुणी शिवू नका."

ती लवकर येईना. ऊन चढलं, पीठ कडेनं सुकायला लागलं. एलोदिया परातीकडं बघत हात चोळत राहिली आणि शेवटी तिनं बाह्या सरसावल्या. सेनाइदा परत आली तेव्हा पोरीचे हात कोपरापर्यंत आत होते.

"काय केलंस हे?"

"आई, पीठ सुकत होतं."

"सुकू द्यायचं होतंस! आता सगळ्या गावापुढं काय ठेवू मी?"

पण गाव तर जेवायला बसत होतं. एलोदियानं रडत रडतच मळणं संपवलं आणि धार सोडली. फूल आलं. असं आलं की परातीच्या काठावरून सांडायला लागलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ आई! दोघींचा हात लागला तरी आलं!"

सेनाइदानं वाकून त्या फेसाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दोघींचा नाही लागला. एकीचाच लागला."

आधी मला अर्थच कळला नाही. कळला तेव्हा मी म्हटलं, "सेनाइदा, असं काही नसतं. कोको चांगला होता, पाणी गार होतं."

"बाई, दोन हातांची परात फुललेली पाहिलीत कधी?"

नव्हती पाहिली. कुणी करूनच पाहिलेलं नव्हतं.

"मग झालं तर. परातीनं एकच हात मोजला. माझा आता तिच्या लेखी हात नाही."

त्यानंतर तिनं परातीला हात लावला नाही. एलोदियानं पाय धरले. "माझ्यासाठी एकदा एकटीनं मळ. थोडंसंच. घरात, कुणी नसताना."

"आणि नाही आलं तर?" सेनाइदा म्हणाली. "आत्ता मला नुसतं वाटतंय, पोरी. मग ते कळलेलं असेल."

एलोदियानंही अपराधीपणानं मळणं सोडलं. आईनंच तिला दटावलं, "या घरात एक तरी हात चालू राहू दे." बाजारातली आपली जागा तिला दिली आणि स्वतः त्या बाजूला फिरकायची थांबली. फुलाची बातमी गावभर झाली होती. बायका एलोदियाला म्हणायच्या, "तुझा हात आता आईसारखा झाला गं!" ती नुसती वाटी पुढं करायची.

शहरातल्या डॉक्टरनं औषध बदललं तशी सेनाइदाची बोटं बरीच सुटली. शालीची गाठ ती आता स्वतः मारते. मी एकदा परातीचा विषय काढून पाहिला. तिनं माझ्या कॉफीत साखर घातली आणि शाळेतल्या नव्या बाईंची चौकशी केली.

रविवारी एलोदिया बाजारात असते तेव्हा सेनाइदा घरी एलोदियाच्या लेकीची वेणी घालते आणि पुढच्या खेपेचा मका निवडत बसते.