हाडाची आवणी

मंजुळाबाई उलट्या चालत. पोशेऱ्याच्या आमच्या आश्रमशाळेत त्या स्वयंपाक करायच्या आणि मुलांच्या पंगतीला भात वाढतानाही वाकून एकेक पाऊल मागे घेत जायच्या. राबातली, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातली, भाताची रोपं उपटून मागे सरकत खाचरात लावायची ती आवणी. जन्मभर ती करून मागं सरकायची सवयच लागलेली. मी हसलो की म्हणायच्या, "पुढं काय बघायचां, मास्तर? लावलेलां दिसलां पायजे."

त्यांच्याइतकी सरळ ओळ गावात कुणाचीच येत नसे, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यामुळे बांधावरून घसरून नडगीचं हाड मोडलं, तेव्हा दुखण्यापेक्षा आवणीचाच घोर त्यांना जास्त. दोनदा प्लास्टर झालं, तरी हाड काही जुळेना. कुबडी घेऊन चिखलात उतरायचं कसं? त्यांचं बोलणंच कमी झालं. मला ते बघवेना. शेवटी त्यांना ठाण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, कमरेच्या हाडातला मगज सुईने काढून मोडल्या जागी सोडू. त्यात मूळपेशी असतात. मंजुळाबाई ताडकन उठायलाच गेल्या. मुंबईला बांधकामावर जाणाऱ्या पोरांकडून त्यांनी ऐकलेली 'पेशी' होती कोर्टातली, तारखेला हजर व्हायची.

"मी कोणाचां काय चोरलां? माना पेशीला कशाला?"

डॉक्टरांना हसू आवरेना. मग त्यांनी नीट समजावलं, की या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यांचं हाड होतं, कूर्चा होते, चरबीही होते. मोडल्या जागी हाड धरेल अशी आशा आहे, खात्री नाही.

मंजुळाबाईंचा चेहरा खुलला. "म्हंजे आवणीच की! राब बी माझा, खाचर बी माझां." सगळीच रोपं काही जगत नाहीत, हे वर त्यांनीच डॉक्टरांना बजावलं.

पण धरली. बरेच महिने गेले, पण पुढच्या आवणीला त्या चिखलात होत्या आणि इतरांच्या वाकड्या ओळींना नावं ठेवत होत्या.

पुढे माझी बदली झाली. निघायच्या दिवशी माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाल्या, "मास्तर, आता तुमची आवणी. थोडे दिवस पिवळे पडाल, मंग धराल."

जीप सुटली. मी मागे वळून पाहिलं, तर त्या हात हलवत मागं मागं चालल्या होत्या, दोन्ही पाय घट्ट रोवत.