सळीवरचा लेप

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. तिचं टेबल माझ्या शेजारी, म्हणून ही हकिगत मला ठाऊक. मोडलेलं हाड सांधायला आत धातूची सळी घालतात, तिच्यावर आम्ही सच्छिद्र लेप चढवायचो. लेपाच्या बारीक भोकांत जंतुनाशक भरलेलं असायचं. ते थोडं थोडं पाझरावं आणि सहा आठवडे सळीभोवती जंतूंना थारा मिळू नये, एवढीच धडपड. लेप लावलेल्या सळ्या बाटल्यांमध्ये अंगाइतक्या कोमट खारट पाण्यात बुडवून ठेवलेल्या. ठरल्या वेळी त्यातलं पाणी काढायचं आणि किती औषध उतरलं ते मोजायचं, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशीही यायची. मिनिट चुकायची नाही.

तिचा धाकटा भाऊ रंगारी. शिडीवरून पडला, नडगी मोडली. आत सळी घातली, आणि तिच्यावरच जंतूंनी ठाण मांडलं. तीन ऑपरेशनं झाली तरी जखम वाहायची थांबेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखाली पाय काढू. गुडघा राहिला तर नकली पायावर नीट चालाल."

भावाने बहिणीकडे पाहिलं. "ताई, तुमच्या त्या लेपाचं काय झालं?"

"होत आलंय," ती म्हणाली. "थोडा धीर धर."

त्याच आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं: दोन दिवसांत बहुतेक औषध बाहेर, नवव्या दिवशी शून्य. शिवाय लेप जमला असता तरी माणसांवर वापरायला आणखी कित्येक वर्षं लागणार, हेही तिला पक्कं माहीत होतं. पण त्याचं तोंड बघून खरं बोलायला जीभ रेटेना.

भावाने डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. दर रविवारी विचारायचा, "कुठवर आलं?" ती म्हणायची, "येतंच आहे बघ." असे चार महिने गेले. मग एके दिवशी त्याला सणकून ताप भरला. पू गुडघ्यात शिरला होता. पाय अर्ध्या मांडीपासून काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी तो जरा सावरल्यावर ती त्याच्या खाटेशी बसली. "लेप झालाच नव्हता," ती म्हणाली. "इतक्यात होणारही नव्हता. मी खोटं बोलले."

तो छताकडे बघत म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंस तर गुडघा वाचला असता."

"हो."

"मग आता कशाला सांगतेस? तुझं ओझं हलकं करायला?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. डोळे सुजलेले, आकडे मात्र बिनचूक.

दीड वर्षाने आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी लेपाची भोकं आणखी बारीक केली आणि औषध बेचाळीस दिवस पाझरत राहिलं. शेवटचा आकडा तिनेच वाचला. कुणाचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मोरीशी जाऊन बाटल्या धुवायला लागली.

"भावाला सांगणार?" मी विचारलं.

"त्याने विचारलं तर."

तो विचारत नाही. रंगाच्या दुकानात बसून रंग कालवून देतो. ती त्याला भेटायला गेली की दोघं महागाईचं बोलतात, त्याच्या पोरीच्या शाळेचं बोलतात. चहा झाला की ती उठते. तो दारापर्यंत येत नाही. कुबड्या घ्यायचा कंटाळा येतो, म्हणतो.